परमुलखातली न्याहारी

परदेशी गेलेला मराठी माणूस दुपारी समोर येईल ते खातो. कामाच्या ठिकाणी थंडगार सँडविच मिळालं तरी कुरकुर करत नाही. रात्री मित्रांबरोबर थाई, लेबनीज, इथिओपियन असं हौसेनं शोधून खातो आणि घरी फोन करून सांगतोही. सकाळी मात्र हे सगळं शौर्य गळून पडतं. चहा आपल्या पद्धतीचाच लागतो, आणि पहिला घास ओळखीच्या चवीचा नसला तर दिवस सुरू झाल्यासारखं वाटत नाही. म्हणूनच परक्या शहरात कुणी सकाळी घराबाहेर पडून कोपऱ्यावरच्या गर्दीच्या, साध्यासुध्या हॉटेलात जाऊन बसू लागला, शेजारच्या टेबलावरचा माणूस खातो तेच मागवू लागला, की ती मोठी घटना समजावी. त्या शहराशी त्याचं देणंघेणं तिथून सुरू होतं.

अशी हॉटेलं जगभर आहेत. फॉरमायकाची किंवा संगमरवरी टेबलं, भिंतीवर दरपत्रक, गल्ल्यावर मालक, सकाळी सहा-सातला उघडणारं शटर आणि दहा वाजेपर्यंत न हटणारी गर्दी. ती कुणी काढली, कुणासाठी काढली आणि तिथे कुणाला बसू दिलं, कुणाला उठवलं, हे पाहू लागलं की न्याहारीचा विषय बशीपुरता राहत नाही.

सुरुवात धाराशिव जिल्ह्यातल्या तेरखेड्यापासून करता येईल. वाशी तालुक्यातलं हे गाव फटाक्यांसाठी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. दिवाळीच्या आधी थेट कारखान्यावरून माल उचलायला लांबलांबून गाड्या येतात. गाव सोलापूर-धुळे महामार्गावर. या रस्त्याचा जुना क्रमांक २११, आता ५२. नव्या क्रमांकाचा हा महामार्ग पंजाबातल्या संगरूरला सुरू होतो, हरियाणा, राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र पार करून कर्नाटकात अंकोल्याला, समुद्राजवळ संपतो. येडशीपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंतचा त्याचा १८९ किलोमीटरचा टप्पा चौपदरी झाला, त्यात तेरखेडाही आला. म्हणजे एका बाजूला येरमाळ्याची येडेश्वरी, दुसऱ्या बाजूला कुंथलगिरीचं जैन तीर्थ आणि तिथला प्रसिद्ध पेढा, अशा बालाघाटाच्या माळावरचं हे गाव सहा राज्यांच्या ट्रकवाल्यांच्या वाटेवर आहे. संगरूरहून निघालेल्या चालकाच्या लेखी तेरखेडा हाच परमुलूख.

तो पहाटे इथल्या एखाद्या हॉटेलसमोर गाडी लावतो तेव्हा त्याला काय मिळतं? पोहे, भजी, वडा, पुरीभाजी ही मंडळी सगळीकडेच असतात. या पट्ट्याची खासियत सुशीला. चुरमुरे पाण्यात टाकायचे आणि क्षणभरात, लगदा व्हायच्या आत, पिळून काढायचे. कढईत तेल सढळ हातानं. मोहरी, जिरं, कढीपत्ता, उभी चिरलेली हिरवी मिरची, भरपूर कांदा, शेंगदाणे, हळद. कांदा पूर्ण लाल होऊ द्यायचा नाही. मग पिळलेले चुरमुरे, वरून डाळव्याचं पीठ भुरभुरायचं आणि झाऱ्यानं दोनदा वर-खाली करायचं. डाळव्याचं पीठ उरलंसुरलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे सुशीला मऊ राहतो पण गिचका होत नाही. कोथिंबीर, लिंबाची फोड, आणि गरमागरम बशी टेबलावर. पोह्यांपेक्षा हलका, उपम्यापेक्षा झटपट. एका कढईत पाच-सात मिनिटांत वीस बशा निघतात. पहाटेच्या हॉटेलला याच हिशेबाचे पदार्थ परवडतात. चालकाला नाव ठाऊक नसतं. तो शेजारच्या बशीकडे बोट दाखवतो, खातो, चहा पितो, पाच मिनिटं पाठ टेकतो आणि निघतो.

याच तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर माणसांची दुसरी रांग बाहेर पडते. धाराशिव आणि बीडचे ऊसतोड कामगार बैलगाड्या, ट्रॅक्टर घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, थेट कर्नाटकात कारखान्यांच्या फडावर जातात. चार-पाच महिने घर सोडून राहणारी ही माणसं. त्यांच्या वाट्याला हॉटेलातली सकाळ येत नाही. कोयता सूर्य उगवायच्या आत चालू व्हावा लागतो, म्हणून बाई त्याच्याही आधी उठते, चुलीवर भाकरी थापते, फडक्यात बांधते, आणि न्याहारी ऊस पडलेल्या सरीत बसून होते. भाकर, ठेचा, असली तर भाजी. घरापासून दूर राहणाऱ्या प्रत्येकाला टेबल-खुर्ची आणि आयती बशी मिळते असं नाही, हे विसरून न्याहारीवर लिहिणं बरोबर होणार नाही. ज्याला ती मिळते त्याच्यामागे कुणाच्या तरी पहाटे उठण्याचा हिशेब असतोच. फडावर तो हिशेब घरच्या बाईच्या नावावर पडतो, आणि त्याची मजुरी कुणी धरत नाही.

आता परदेशाकडे.

मराठी माणसाच्या परदेशातल्या न्याहारीची सर्वांत जपून ठेवावी अशी नोंद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. तिथलं त्यांचं खाणं एक कप कॉफी, दोन मफिन आणि मांसाचा किंवा माशाचा एखादा पदार्थ एवढ्यात आटोपायचं, कारण त्या पैशांतून घरीही पाठवायचे असत. पुढे १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले तेव्हा परिस्थिती आणखी ओढीची होती. शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांचं कर्ज आणि सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, एवढी शिदोरी. भाड्याच्या खोलीची मालकीण सकाळी देई ते पावाची चकती, तिला लावलेला माशाचा पातळ थर आणि कपभर बोव्हरिल, म्हणजे गरम पाण्यात कालवलेला गोमांसाचा अर्क. एवढ्यावर ते ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय उघडताच आत शिरत आणि संध्याकाळी बंद होईपर्यंत बसत. रात्री उशिरा पोटात आग पडली की पत्र्याच्या ताटलीवर पापड भाजत. चरित्रकार धनंजय कीरांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे.

या दोन मुक्कामांच्या मधे बडोदा येतं, आणि तिथे हा विषय वेगळंच वळण घेतो.

१९१७ मध्ये परत आल्यावर शिष्यवृत्तीच्या करारानुसार आंबेडकर बडोद्याला नोकरीत रुजू झाले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावं लागलं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी तो प्रसंग दिला आहे. युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं ते सांगतात. मुक्कामाच्या अकराव्या दिवशी सकाळचं जेवण उरकून, कपडे करून, ग्रंथालयात परत द्यायची पुस्तकं उचलून ते कचेरीला निघणार, तोच लाठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून वर आले. संध्याकाळपर्यंत खोली सोडावी लागली.

न्यूयॉर्कमध्ये मफिन आणि कॉफी घेऊन कुठल्याही टेबलावर बसता येत होतं, बडोद्यात सकाळचं जेवण जेमतेम घशाखाली उतरलं तोवर लाठ्या आल्या. परदेशातल्या साध्या हॉटेलात सकाळी एकट्यानं बसून खाणं ही एखाद्याला किरकोळ गोष्ट वाटेल. ज्याला स्वतःच्या देशात ते नाकारलं गेलं, त्याच्यासाठी ती किरकोळ नव्हती. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं आणि विहिरींच्या बरोबरीनं सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आला, धर्म-जात-लिंगावरून तिथे कुणालाही मज्जाव करता येणार नाही असं लिहिलं गेलं. देशाच्या मूलभूत कायद्यात हॉटेलचं नाव घालावं लागलं, यावरून हॉटेलच्या दारात काय काय घडत होतं ते कळतं. तरीही नंतर कितीतरी वर्षं देशाच्या अनेक भागांत, मराठवाड्यातही, गावच्या हॉटेलात दलितांसाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवलेली असे. चहा पिऊन ती ज्यानं-त्यानं विसळून जागेवर ठेवायची. तिचा तो कोनाडा ज्यांनी पाहिला त्यांना हॉटेलातली मोकळी खुर्ची म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

बाईचा प्रश्न आणखी निराळा. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अठराव्या वर्षी अमेरिकेला गेल्या तेव्हा न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी उतरल्या. नऊवारी नेसणाऱ्या, शाकाहारी, एकट्या मुलीला सकाळी बाहेर बसून खाता येईल अशी जागा, त्या जिथे शिकल्या त्या फिलाडेल्फियात, त्या काळात असणं शक्य नव्हतं. त्यांची सगळी भिस्त ओळखीच्या घरांवर आणि स्वतःच्या हातांवर. कडाक्याची थंडी, धड न पेटणारी शेगडी आणि अपुरं खाणं अशात त्यांनी १८८६ मध्ये वैद्यकीची पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात त्यांचं निधन झालं.

योगायोग असा की आनंदीबाई गेल्या त्याच्या दहा-अकरा वर्षं आधीच अमेरिकेत ‘डायनर’ नावाच्या प्रकाराचं बी पडलं होतं. १८७२ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसानं घोडागाडीतून खाणं विकायला सुरुवात केली. वर्तमानपत्राच्या कचेरीत रात्रपाळी करणारे कामगार हे त्याचं गिऱ्हाईक, कारण त्या वेळी बाकी सगळं बंद. पुढे या गाड्यांना छप्पर आलं, बसायला उंच स्टुलं आली, कारखान्यात तयार होऊन ट्रकवरून येणारे लांबोडके डबे आले, आणि विसाव्या शतकात न्यूयॉर्क-न्यू जर्सीतली बरीचशी डायनर ग्रीसमधून आलेल्या कुटुंबांच्या हाती गेली. १९६३ मध्ये एका कागदी कप बनवणाऱ्या कंपनीच्या लेस्ली बक यांनी या ग्रीक मालकांना आवडावा म्हणून निळ्या-पांढऱ्या रंगाचा, ग्रीक नक्षीचा कप काढला. तो ‘अँथोरा’ कप पुढे न्यूयॉर्कच्या सकाळची खूणच झाला. बक स्वतः चेकोस्लोव्हाकियातून आलेले, नाझी छळछावण्यांतून वाचलेले. एका निर्वासितानं दुसऱ्या स्थलांतरितांसाठी काढलेला कप, आणि त्यातून कॉफी पिणाऱ्यांत जगभरातून आलेले तितकेच नवखे.

इंग्लंडमध्येही तेच. लंडनच्या पूर्व भागात बेथ्नल ग्रीन रोडवर ‘ई. पेलिची’ नावाचं छोटं कॅफे १९०० पासून एकाच इटालियन कुटुंबाकडे आहे. आतल्या लाकडी भिंतींवर १९४६ मधलं जडावकाम आहे, आणि २००५ मध्ये या दुकानाला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. असा दर्जा म्हटलं की राजवाडे आणि चर्च आठवतात. इथे तो अंडी, बेकन, सॉसेज, टोमॅटोच्या रसातल्या घेवड्याच्या बिया आणि तळलेला पाव वाढणाऱ्या जागेला मिळाला. पिमलिकोतलं १९४६ चं ‘रिजन्सी कॅफे’ आणखी सडेतोड. आधी काउंटरवर सांगायचं, पैसे द्यायचे, मगच बसायचं. पदार्थ तयार झाला की काउंटरमागून अशी खणखणीत हाक येते की रस्त्यावरच्या माणसालाही आज कुणी काय मागवलं ते कळावं. चहा मात्र दूध घातलेला, कडक, कप भरून. लंडनमध्ये नव्यानं आलेल्या मराठी विद्यार्थ्याचं या जागांशी जमतं ते बहुधा या चहामुळे. शाकाहारी असेल तर तो अंडं-पाव, किंवा पावावर ओतलेल्या त्या गोडूस बिया आणि तळलेला बटाटा यांवर येऊन थांबतो. तिखटाची सवय असलेल्या जिभेला हे खाणं सपक लागतं, हे खरंच आहे. पण बाहेर बोचरा वारा असताना काचेवर वाफ धरलेल्या त्या खोलीत बसून गरम बशी पुढे येते तेव्हा सपकपणाची तक्रार जरा मागे पडते.

न्याहारीच्या बाबतीत मराठी माणसाचं सगळ्यात लवकर सूत जुळतं ते सिंगापुरात, असं म्हणायला हरकत नाही. तिथल्या ‘कोपीतियाम’ म्हणजे कॉफीच्या दुकानांची परंपरा मुख्यतः चीनच्या हैनान बेटावरून आलेल्यांनी घातली. हे लोक उशिरा पोचले, तोवर बरेच किफायतशीर धंदे आधी आलेल्या चिनी गटांनी व्यापले होते. मग कुणी ब्रिटिशांच्या घरी, जहाजांवर आचारी झाले आणि तिथे शिकलेला टोस्ट, अंडी, कॉफी हा साहेबी नाष्टा त्यांनी आपल्या हिशेबानं बदलून रस्त्यावर आणला. ‘किलिनी’चं दुकान १९१९ पासूनचं, ‘या कुन’चं १९४४ पासूनचं. कॉफीचे दाणे साखर आणि मार्गारिन घालून काळेकुट्ट भाजायचे. भुकटी लांब कापडी पिशवीत, वरून उकळतं पाणी. एका टमरेलातून दुसऱ्यात उंचावरून धार सोडायची आणि तळाशी घट्ट गोड दूध असलेल्या जाड कपात ओतायची. पाव कोळशावर किंवा जाळीवर भाजून त्यात ‘काया’ म्हणजे नारळाचं दूध, अंडं, साखर आणि पांदानच्या पानाचा मुरंबा, आणि थंड लोण्याची जाड चकती. गरम पावात लोणी अर्धवट वितळतं तेव्हाच खायचं. सोबत अर्धकच्ची उकडलेली दोन अंडी बशीत फोडून, त्यावर काळा सोयासॉस आणि पांढरी मिरपूड. हा टोस्ट त्या अंड्यात बुडवून खातात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे विचित्र वाटतं, दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी तो मुकाट्यानं बुडवू लागतो.

मागवण्याची तिथे शिस्त आहे. नुसतं ‘कोपी’ म्हटलं की गोड घट्ट दुधाची, ‘कोपी-ओ’ म्हणजे बिनदुधाची, ‘कोपी-सी’ म्हणजे आटवलेल्या बिनगोड दुधाची, ‘सिउ दाई’ म्हटलं की साखर कमी, ‘कोसाँग’ म्हटलं की साखर नाहीच. यात हैनानी, होकिएन, कँटोनीज, मलय असे कितीतरी बोलींचे शब्द एका वाक्यात नांदतात. रांगेत अडखळणाऱ्याकडे मागचे लोक अधीरपणे पाहतात, पण काउंटरवरचे काका समजून घेतात. टेबल आधी धरून ठेवायचं तर त्यावर कागदी रुमालाचं पाकीट टाकून रांगेत जायचं. ते पाकीट कुणी हलवत नाही. बाजूच्याच गाळ्यावर तमिळ मुस्लिम माणूस तव्यावर प्राटा थापटत असतो, सोबत डाळीची किंवा माशाची आमटी. पुण्या-मुंबईहून आलेला तरुण पहिला महिनाभर तिथेच घुटमळतो, मग हळूच टोस्टच्या रांगेत जातो. एकाच छपराखाली चिनी, मलय, तमिळ गाळे आणि समोर सगळ्यांची सामायिक टेबलं ही तिथली रचना. अशा ‘हॉकर’ संस्कृतीची युनेस्कोनं डिसेंबर २०२० मध्ये मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली.

आखातात हीच जागा मल्याळी कॅफेटेरियानं भरून काढली आहे. दुबईच्या जुन्या वस्त्यांत पराठ्यात अंडं आणि बटाट्याचे कुरकुरीत काप गुंडाळून देणारा केरळी, वेलदोड्याचा दाट करक चहा, आणि बाहेर गाडीत बसूनच मागवणारे सगळ्या देशांचे लोक. बांधकामावर गेलेला मराठवाड्यातला गवंडी असो की बँकेतला अधिकारी, कपातला चहा एकच.

थोडं मागे वळून पाहिलं तर हे सगळं मुंबईनं आधीच अनुभवलेलं आहे. इराणातल्या याझ्द, केरमान भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीस झरथुष्ट्री कुटुंबं छळाला आणि दुष्काळाला कंटाळून मुंबईत आली. इथल्या दुकानदारांना कोपऱ्याची जागा अपशकुनी वाटे म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असं सांगतात. दोन रस्त्यांवर उघडणारी ती दारं हॉटेलला उलट लाभली. धोबी तलावाचं ‘कयानी’ १९०४ चं, ग्रँट रोडचं ‘मेरवान’ १९१४ चं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रुन-मस्का आणि चहा. गिरणीत पहिल्या पाळीला निघालेला सातारचा माणूस, टॅक्सीवाला, वकिलाचा कारकून, एखादा कवी, सगळे शेजारी-शेजारी. हॉटेलात शिरणाऱ्याची जात बऱ्याच अंशी इराण्यानं विचारली नाही. पुरोगामी चळवळींनी जे काम भाषणांतून केलं, त्यातलं थोडंफार या टेबलांनीही केलं आहे. मुंबईच्या सामाजिक इतिहासात त्यांना हे श्रेय मोकळ्या मनानं द्यायला हवं.

माटुंग्याला रामा नायकांनी १९४२ मध्ये उडुपी पद्धतीचं भोजनालय काढलं, ते दक्षिणेतून मुंबईला आलेल्या एकट्या नोकरदारांच्या पोटासाठी. पुण्यातली अमृततुल्य चहाची दुकानं राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी थाटली, डेक्कनचं ‘गुडलक’ १९३५ मध्ये इराण्यांनी. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी आज बेकरी असते ती कर्नाटकातल्या अय्यंगारांच्या नावाची, आणि मिठाईचं दुकान राजस्थान्याचं. ‘आपल्या’ सकाळच्या पाव, चहा, इडली, खारी यांतलं बरंच काही परक्या गावाहून पोट भरायला आलेल्या माणसांनी आपल्यापुढे ठेवलेलं आहे. अशा माणसांना ‘बाहेरचे’ म्हणून हिणवणाऱ्या भाषणांच्या दिवशीही सकाळी त्यांच्याच दुकानात चहा घेतला जातो, हे लक्षात घ्यायला हवं.

गिरणगावाची कथा यात वेगळी उठून दिसते, कारण तिथे टेबल मांडणाऱ्या मराठी बायका होत्या. कोकण, सातारा, कोल्हापूरहून एकटे आलेले कामगार चाळीतल्या खोलीत पाळीपाळीनं झोपत आणि खानावळवालीकडे जेवत. तिचं घर म्हणजेच खानावळ. सकाळच्या पाळीचा डबा म्हणजे पहाटे चारची चूल. किराणा सावकाराकडून उधार, आणि ते व्याज तिची सगळी कमाई खाई. गोवा मुक्तीच्या लढ्यातून मुंबईला आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं त्यांच्यापर्यंत पोचवली. ज्या बाईला बँकेच्या पायरीवर कुणी उभं केलं नव्हतं, तिची पत तिच्या चुलीवर मोजली गेली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले, तेव्हा खानावळींची उधारीची वहीही थांबली.

आज तेरखेड्याचं पोर बारावीनंतर पहिल्यांदा घर सोडतं ते बहुधा पुण्यासाठी. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांच्या सदाशिव पेठेत, पेरूगेटाच्या आसपास, सकाळी पोह्यांच्या गाड्यांभोवती मराठवाडा-विदर्भाच्या बोली ऐकू येतात. अभ्यासिका उघडायच्या आधी बशीभर पोहे आणि अर्धा चहा, हातात चालू घडामोडींचं पुस्तक. पैसे महिनाअखेरीस. तिथून कुणी अभियंता होऊन सिंगापूर, डब्लिन, न्यू जर्सी गाठतं. परक्या गावात सकाळी एकट्यानं खायचा सराव त्याला पोह्यांच्या गाडीनंच दिलेला असतो.

ही हॉटेलं टिकतात कशी, याचं उत्तर त्यांच्या साधेपणातच आहे. पदार्थ मोजके, म्हणून माल रोज संपतो. गर्दी असते तिथे तेल जुनं होत नाही आणि दूध नासत नाही. जागा दाटीची असल्यानं माणूस रेंगाळत नाही, आणि टेबल तासाभरात तीन-चारदा रिकामं होतं. वाढणारा नावानं ओळखत नसला तरी खाण्यावरून ओळखतो. एक दिवस तो न विचारताच नेहमीचं समोर आणून ठेवतो, आणि परक्या शहरात आपल्याला कुणीतरी हिशेबात धरलं आहे हे त्या माणसाला कळतं. महागड्या हॉटेलातलं आदबशीर स्वागत पैशांचं असतं. इथलं हे ध्यानात ठेवणं पैशांनी विकत घेता येत नाही, त्यासाठी रोज सकाळी यावं लागतं.

अडचणीही याच रचनेतून येतात. दर वाढवले तर गिऱ्हाईक तुटतं, न वाढवले तर भाडं निघत नाही. मुंबईच्या इराण्यांपैकी बहुतेक बंद झाले. त्यांच्या कोपऱ्यांवर आता बँका, औषधांची आणि मोबाइलची दुकानं दिसतात. लंडनमधली बरीचशी जुनी इटालियन कॅफे एकेक करून मिटली. सिंगापूरच्या गाळेवाल्यांचं वय साठीच्या घरात गेलं आहे, आणि पहाटे तीनला उठून पीठ मळायला त्यांची शिकलेली मुलं तयार नाहीत. मुलांनी तयार व्हावं असं म्हणायचा अधिकार सकाळी आठला उठून खायला जाणाऱ्यांना नाही. चौपदरी रस्त्यावर गाड्या ताशी शंभरनं धावू लागल्या की गावातल्या हॉटेलांचं असंच होतं. गाडी थांबली तरच सुशीला खपतो.

तरीही नवीन टेबलं मांडली जातातच. २००८ नंतरच्या मंदीत लंडनमध्ये नोकरी गेलेला सुजय सोहनी आणि त्याचा मुंबईच्या कॉलेजातला मित्र सुबोध जोशी यांनी हीथ्रो विमानतळाच्या वाटेवरच्या हाउन्स्लोमध्ये २०१० साली वडापाव विकायला घेतला. जागा परवडत नव्हती. शेवटी एका पोलिश आइस्क्रीमच्या दुकानानं आपल्यातला कोपरा महिना चारशे पौंडांनी दिला. तेव्हा वडापाव एक पौंडाला होता, दाबेली दीड पौंडाला. वडापाव म्हणजे काय हे माहीत नसलेल्यांना त्यांनी आधी रस्त्यात उभं राहून फुकट खाऊ घातला. ‘श्रीकृष्ण वडापाव’ चाललं, पुढे स्वतःची जागा झाली, लंडनच्या इतर भागांतही शाखा निघाल्या, आणि बशीत मिसळ आली.